डीसीएसमधले झटके: मे ते सप्टेंबर

डीसीएस या विमान उडवायच्या गेममध्ये कोपऱ्यात ५८-६० एफपीएस (सेकंदाला इतक्या फ्रेम, म्हणजे चित्रं) दिसतायत आणि विमान मात्र ठेचकाळत चाललंय, अशी तुमची तक्रार असेल तर हे वाचा. एफपीएसच मुळात २० येत असेल तर दुखणं वेगळं आहे, आणि खरं सांगायचं तर सोपं आहे: सेटिंग्ज खाली आणा, नाहीतर ग्राफिक्स कार्ड बदला. माझं तसं नव्हतं.

सिम्युलेटर डीसीएस वर्ल्ड. मूळ प्रोग्राम फुकट मिळतो, त्यात सु-२५टी आणि टीएफ-५१डी ही दोन विमानं आणि कॉकेशसचा नकाशा असतो. बाकी विमानं नि बरेचसे नकाशे विकत घ्यावे लागतात. मी २०२४च्या मार्चमध्ये एफ/ए-१८सी हॉर्नेट घेतलं आणि एप्रिलअखेर सीरियाचा नकाशा. मशीन असं: रायझन ५ ५६००, ८ जीबीचं आरटीएक्स ३०६० टीआय कार्ड, १६ जीबी रॅम, विंडोज २५६ जीबीच्या एसएसडीवर आणि तिथे मावत नाही म्हणून डीसीएस एका जुन्या २ टीबी हार्ड डिस्कवर. मॉनिटर ६० हर्ट्‌झचा, १४४०पी. हे मुद्दाम लिहितोय. मशीन न सांगता सल्ले देणारे लेख वाचून मी पुरता वैतागलो होतो.

एप्रिलपर्यंत कॉकेशसवर मजेत उडत होतो. मे महिन्यात बैरूतवरून खालून जाताना विमान पहिल्यांदा अडखळलं. मान वळवली की चित्र थबकायचं, मग एकदम पुढे उडी मारायचं. अर्ध्या-पाऊण तासाने तर सगळंच जड व्हायचं. आणि हवाई झटापटीत, नेमकं शत्रूच्या मागे लागून जॉयस्टिक ओढली की एक सणसणीत झटका, अर्धा सेकंद सगळं गोठलेलं. सुटेपर्यंत समोरचं मिग कुठच्या कुठे गेलेलं असायचं.

ओळखीच्या दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, कार्ड बदलून टाका, सगळं निघून जाईल." पंचावन्न हजाराचा आकडा सांगितला. ऑनलाइन शोधलं तर प्रत्येकाचं औषध वेगळं: कोणी गेम मोड बंद करा म्हणतो, कोणी चालू करा म्हणतो.

इथे मामांचा उल्लेख करायलाच हवा. ते नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात होते. तिथला कारखाना मिग-२१साठीच १९६४ साली सुरू झाला, आणि मामांची उमेदीची वर्षं त्या हँगरमध्ये गेली. गेमशी त्यांना घेणंदेणं नाही, पण 'स्नॅग' (विमानातला बिघाड) म्हटलं की त्यांचे कान टवकारतात. म्हणाले, "अरे, आधी स्नॅग लिहून काढ. कधी येतो, कुठल्या उंचीवर, काय करत असताना. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास आणि बरं झालं तर कशाने बरं झालं ते तुला कधीच कळणार नाही." मी एक दोनशे पानी वही घेतली. तारीख, काय बदललं, काय झालं, असे तीन रकाने.

२० मेला आमच्याकडे लोकसभेच्या मतदानाची सुट्टी होती. मतदान करून आलो आणि दुपारभर मिशन एडिटरमध्ये बसून दोन चाचण्या तयार केल्या. पहिली: बैरूतच्या विमानतळावरून उड्डाण, शहरावरून हजार फुटांवर एक ठरलेली फेरी, सकाळचे दहा, आकाश निरभ्र. दुसरी: बाटुमीसमोर काळ्या समुद्रावर एकटं एक मिग-२१, त्याच्याशी झटापट. खाली पाणी, शहर नाही, गर्दी नाही. वेळ, हवामान, इंधन सगळं कायम. ही दोन मिशनं नसती तर पुढचं काहीच जमलं नसतं, कारण ढगाळ हवेतली आजची फेरी आणि कालची निरभ्र फेरी यांची तुलना होऊच शकत नाही.

मोजायला काय वापरायचं? डीसीएसमध्ये उजवं कंट्रोल आणि पॉज एकत्र दाबलं की एफपीएस दिसतो. पुन्हा दाबलं की सविस्तर माहिती येते: फ्रेमच्या वेळेचा आलेख, आणि अडथळा सीपीयूचा (प्रोसेसरचा) आहे की जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाचा). लहान कीबोर्डवर पॉज बटणच नसतं, माझ्याही नव्हतं; कंट्रोल्समध्ये जाऊन दुसरं बटण लावून घ्या. खेरीज एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर. दोन्ही फुकट.

एफपीएसच्या आकड्यापेक्षा फ्रेमला लागलेला वेळ बघायचा. ६० हर्ट्‌झच्या पडद्याला दर १६.७ मिलिसेकंदाला एक फ्रेम लागते. सेकंदभरात एकच फ्रेम १२० मिलिसेकंद अडकली आणि बाकीच्या सगळ्या वेळेवर आल्या, तरी कोपऱ्यात ५३-५४ दिसतं. आकडा छान, डोळ्याला मात्र धक्का बसलेला असतो. आलेखावर तोच धक्का सुळक्यासारखा दिसतो. पहिल्याच संध्याकाळी वहीत लिहिलं की बैरूतवरचे सुळके बुटके पण दाट आहेत, आणि बाटुमीसमोरच्या झटापटीतले विरळ पण उंच. दोन्हींना मी इतके दिवस एकच रोग समजत होतो.

मे महिन्यात नाशकातही खोली तापते, म्हणून आधी उष्णतेवर संशय घेतला. तापमान दाखवणारा एचडब्ल्यू-इन्फो हा प्रोग्राम लावून पाहिलं, कार्ड ७९ अंशांवर, प्रोसेसर ८४ वर, पण क्लॉक, म्हणजे त्यांचा वेग, कुठेही पडत नव्हता. ब्लोअरने धूळ काढली, तापमान चार-पाच अंश उतरलं, झटके जसेच्या तसे. उष्णता बाद.

मग ज्या गोष्टींना पैसे लागत नाहीत त्या. डीसीएसचा रिपेअर चालवला, तो बिघडलेल्या फाइली दुरुस्त करतो. 'सेव्ह्ड गेम्स'मधल्या डीसीएसच्या फोल्डरातले 'एफएक्सओ' आणि 'मेटाशेडर्स२' हे दोन फोल्डर रिकामे केले. तो शेडरचा (चित्र रंगवायच्या छोट्या प्रोग्रामांचा) साठा असतो, गेम तो परत बनवतो. म्हणून साफसफाईनंतरची पहिली फेरी जास्तच अडखळते. ती मोजायची नाही, दुसरी मोजायची. ग्राफिक्सचा ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या प्रोग्रामने पूर्ण काढून नव्याने टाकला. फरक? किंचित. तरी करा, कारण नंतर कोणी 'ड्रायव्हर बघितला का' विचारलं तर उत्तर तयार असतं.

सल्ले वाचताना तारीख बघत जा. २०२३च्या मार्चमध्ये डीसीएसला मल्टिथ्रेडिंग (प्रोसेसरच्या अनेक कोअरवर काम वाटणं) आलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात २.९ आवृत्तीबरोबर डीएलएसएस (चित्र लहान काढून मोठं करायचं तंत्र). त्याआधीचे बरेचसे जालीम उपाय आता निरुपयोगी आहेत, पण शोधलं की तेच वर येतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पहिला खर्च केला: १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ५,९०० रुपये. टास्क मॅनेजरमध्ये शहरावरून जाताना हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली दिसत होती, त्यामुळे हा निर्णय अवघड नव्हता. फोल्डर तसाच्या तसा कॉपी केला, नव्या जागेवरून रिपेअर चालवला, पुन्हा डाउनलोड करावं लागलं नाही. नवीन भाग पहिल्यांदा दिसताना चित्र थबकायचं ते जवळपास थांबलं. मिशन उघडायला लागणारा वेळही बराच कमी झाला. नुसतं एवढंच दुखणं असतं तर इथेच लेख संपला असता.

अर्ध्या तासानंतरचा जडपणा कायम होता. त्यासाठी टास्क मॅनेजरमधला जीपीयूचा भाग उघडून दुसऱ्या पडद्यावर ठेवला. जुना मॉनिटर असला तरी चालेल. 'डेडिकेटेड' मेमरी (कार्डाची स्वतःची) ७.८ जीबीवर जाऊन थांबायची आणि मग 'शेअर्ड'चा (उसन्या रॅमचा) आकडा वाढायला लागायचा. ओट्यावर जागा उरली नाही की भांडी खाली जमिनीवर मांडावी लागतात आणि प्रत्येक वेळी वाकावं लागतं, तसं कार्ड साध्या रॅमकडे धाव घेत होतं. उपाय फुकटाचा निघाला. टेरेन टेक्श्चर (जमिनीवरची चित्रं) 'लो', विमानांचं टेक्श्चर 'मीडियम'. हवेतून खाली बघताना फरक मला तरी कळला नाही. जमिनीवर टॅक्सी करताना रस्ते थोडे बरबटलेले दिसतात. कॉकपिटमधले आरसे बंद केले ('एम' दाबून), कारण आरशांसाठी मागचं दृश्य पुन्हा काढावं लागतं. कॉकपिटमधल्या डिस्प्लेंचं रिझोल्यूशन एक पायरी खाली आणलं. एमएसएए (कडा गुळगुळीत करायची सोय) काढून डीएलएसएस 'क्वालिटी'वर ठेवलं. डीएलएसएसमध्ये लांबून वेगाने जाणाऱ्या विमानामागे पुसट शेपूट दिसतं आणि डिस्प्लेवरचे आकडे जरा ओघळतात. काहींना ते अजिबात सहन होत नाही. मला झटक्यांपेक्षा ते परवडलं.

आता डेडिकेटेड मेमरी ६.९च्या पुढे जात नव्हती. तरीही सीरियावर मोठं मिशन असलं की तासाभराने सुळके यायचेच. रिसोर्स मॉनिटर उघडा, मेमरीचा टॅब, 'हार्ड फॉल्ट्स'चा रकाना. रॅममध्ये जागा नसल्याने गोष्टी डिस्कवरून आणाव्या लागल्या की तो आकडा वाढतो. माझ्याकडे डीसीएसच्या ओळीत तो शेकड्यांनी उसळत होता. १६ जीबीत सीरिया मावत नाही, बाकी काही नाही.

१५ जूनला १६-१६ जीबीच्या दोन काड्या घेतल्या, ३२०० मेगाहर्ट्‌झ, ६,२०० रुपये. जुन्या दोन काड्या त्याच दुकानात १,४०० ला गेल्या. बसवल्यावर टास्क मॅनेजरमध्ये 'स्पीड' बघा. माझ्याकडे २६६६ दिसत होतं, कारण बायोसमध्ये एक्सएमपी प्रोफाइल (रॅमचा पूर्ण वेग लावणारं सेटिंग) आपोआप लागत नाही. ते लावल्यावर ३२०० झालं. आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल) बंद करा असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका; ३२ जीबी असतानाही डीसीएसला ती लागते, नसली तर गेम सरळ बंद पडू शकतो. विंडोजला सांभाळू द्या.

बैरूतची फेरी गुळगुळीत झाली. आलेख जवळजवळ सरळ. त्या रात्री मी मामांना फोन करून सांगितलं, आणि त्यांनी विचारलं, "आणि दुसरा?"

दुसरा जागच्या जागी होता. खाली नुसता समुद्र, एकच शत्रू, जीपीयू अर्धा रिकामा, सीपीयूवर ताण नाही. रॅम निम्मी मोकळी. आणि तरी स्टिक कचकावून ओढली की सुळका, ३००-४०० मिलिसेकंदांचा. सगळीकडे लिहिलेलं असतं की झटापटीत एआय (संगणकाने चालवलेल्या) विमानाचं गणित जड असतं. एका मिग-२१चं गणित एवढं जड? पटत नव्हतं. मिग काढून टाकलं आणि रिकाम्या आभाळात एकट्यानेच गरगर वळणं घेतली. तरीही झटका. म्हणजे शत्रूचा संबंध नाही.

६ जुलै, शनिवार. घरातले झोपले होते म्हणून हेडफोनचा आवाज अगदी बारीक ठेवला होता. एक कडक डावं वळण घेतलं, झटका बसला, आणि इंजिनाच्या घरघरीखाली एक ओळखीचा आवाज आला. यूएसबीवरची वस्तू काढल्यावर विंडोज करतं तो 'टुडुंग'. पाठोपाठ परत जोडल्याचा. एरवी इंजिन इतकं गर्जत असतं की ऐकूच येत नाही.

हॉर्नेट बाटुमीच्या रनवेवर उभं केलं, इंजिन बंद. एफपीएसचा आलेख समोर. स्टिक नुसती हलवली, काही नाही. मग तिचा तळ टेबलावर बोटभर मागे सरकवला, जसा जोरात ओढल्यावर सरकतो. तळातून बाहेर येणारी केबल ताणली गेली आणि आलेखावर सुळका उभा राहिला. पुन्हा सरकवला, पुन्हा सुळका. केबल जिथे तळात शिरते तिथे तिला दोन बोटांत धरून हलकेच वाकवली, तर हात न लावता स्टिकवरचा दिवा विझून परत लागला. म्हणजे जॉयस्टिक क्षणभर सुटत होती, डीसीएस ती परत जोडली गेल्याचं ओळखून बटणांची यादी पुन्हा वाचत होतं, आणि तेवढ्यात फ्रेम अडकत होती. 'डीसीएस डॉट लॉग' ही गेमची नोंदींची फाइल उघडून पाहिली. उड्डाणाच्या मध्येच जॉयस्टिक नव्याने जोडल्याच्या ओळी होत्याच तिथे, इतके दिवस.

मुलाचा गेमपॅड उसना घेतला आणि तीच वळणं घेतली. आलेख सपाट. यूएसबीडीव्ह्यू नावाचा एक छोटा फुकट प्रोग्राम आहे, तो प्रत्येक वस्तू शेवटची कधी जोडली-सुटली ते वेळेसकट दाखवतो. झटका बसला ती वेळ आणि त्यातली वेळ, सेकंदापर्यंत एकच.

डीसीएसच्या कंट्रोल्समध्ये 'डिसेबल हॉट प्लग' (खेळताना जोडलेल्या वस्तूंकडे लक्ष न देणं) असा पर्याय आहे. तो लावला की झटका येत नाही हे खरं, पण स्टिक सुटली तर ती परत ओळखलीही जात नाही. माझं विमान उलटं होऊन निमूट काळ्या समुद्रात गेलं. ज्यांची केबल ठीक आहे आणि जे उडताना काही काढत-घालत नाहीत त्यांनी हा पर्याय जरूर लावावा. विंडोजच्या पॉवर प्लॅनमधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड'ही (वापरात नसलेली यूएसबी वस्तू झोपवणं) बंद करा.

आता वॉरंटी. स्टिकला दोन वर्षांची होती, पंधरा महिने झाले होते. कंपनीचं नाव लिहीत नाही. ८ जुलैला वेबसाइटवर फॉर्म भरला. त्यात लागतं: तळाखालच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर, जीएसटी नंबर असलेलं बिल (ऑर्डरचा स्क्रीनशॉट चालत नाही), आणि दोषाचा व्हिडिओ. बिलाची पीडीएफ २ एमबीपेक्षा मोठी असली की फॉर्म काही न सांगता पुन्हा कोरा होतो. १२ तारखेला उत्तर आलं, मूळ खोक्यातच पाठवा. खोकं माळ्यावर होतं म्हणून वाचलो. असली खोकी वॉरंटी संपेपर्यंत रद्दीत देऊ नका. १५ जुलैला मुंबईला कुरिअर, ३४० रुपये, माझ्या खिशातून.

२ ऑगस्टला स्टिक परत आली, सोबत चिठ्ठी: तपासणीत दोष आढळला नाही. फार राग आला. बहुधा तिकडे टेबलावर ठेवून जोडली, दिवा लागला, झालं. ५ तारखेला पुन्हा मेल लिहिला, या वेळी त्यांच्या भाषेत: यूएसबीडीव्ह्यूच्या यादीचा स्क्रीनशॉट, लॉगमधल्या ओळी, आणि एक नवा व्हिडिओ ज्यात माझी बोटं, केबल, दिवा आणि विंडोजची यादी एकाच चौकटीत दिसतात. शेवटी एक ओळ, 'केबल तळाशी ३० अंशांत वाकवून तपासावी.' १४ ऑगस्टला दावा मंजूर. स्वातंत्र्यदिनाची सुट्टी गेली, १६ ला पुन्हा पाठवली, पुन्हा ३४०. मग शांतता. मेल केला की 'प्रक्रिया सुरू आहे' एवढंच. मध्ये गणपती आले, फोनवरच्या बाईंनीच सांगितलं, "सर, विसर्जनानंतर बघा." त्या खरं बोलल्या. विसर्जन १७ सप्टेंबरला झालं आणि २० ला नवी स्टिक दारात.

स्टिक हातात होती त्या मधल्या दिवसांत हार्डवेअरच्या दुकानातून १८० रुपयांचा सुताराचा सी-क्लॅम्प आणला आणि तळ टेबलाला आवळून टाकला. केबलला एक सैल वळसा देऊन टेबलाच्या पायाला पट्टीने बांधली. त्याने झटके बरेच कमी झाले होते. नवी स्टिकही तशीच आवळून ठेवलीय. तुमची स्टिक टेबलावर नुसती रबरी पायांवर उभी असेल तर वॉरंटीची वाट न बघता हे आजच करा.

काय राहिलं ते सांगतो. सीरियावर पन्नासेक गाड्या आणि दहा-बारा एआय विमानं असलेलं मिशन लावलं की माझं मशीन अजूनही ३५ एफपीएसवर येतं, आणि काउंटर 'सीपीयू बाउंड' म्हणतो, म्हणजे अडथळा प्रोसेसरचा. टेक्श्चर, सावल्या, काहीही खाली आणून उपयोग नाही, कारण कार्ड मोकळंच बसलेलं असतं. त्यावर एकच इलाज चालतो: मिशन एडिटरमध्ये जाऊन ज्या गाड्यांशी आपला संबंधच येणार नाही त्या काढून टाकायच्या, किंवा आपण जवळ गेल्यावरच उठतील अशा 'लेट अ‍ॅक्टिव्हेशन'वर टाकायच्या. शिवाय एफपीएस ६० आणि ३५ च्या मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा अशा मिशनपुरता ३० वर बांधून टाकलेला डोळ्याला बरा वाटतो. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' म्हणून तो आहे. ३० हे ६० हर्ट्‌झचं बरोब्बर निम्मं, म्हणून ३०. तुमचा पडदा ७५ चा असेल तर आकडा वेगळा धरा.

एकूण खर्च, जुनी रॅम विकल्याचे वजा करून, ११,५६० रुपये. यातले ६८० कुरिअरवर गेले आणि वर क्लॅम्पचे १८०. दुकानदार अजून कार्डाचं विचारतो.